आकाशवाणी संगीत संमेलनाचा महिना: प्रसारणसंस्थेने कला नुसती पोचवावी की घडवावी?

खर्ज (धागाकर्ता)

बहुतेक वर्षी दिवाळीच्या मागेपुढे आकाशवाणीच्या रात्रीच्या सभेत, म्हणजे प्रसारणाच्या रात्रीच्या सत्रात, संगीत संमेलनाच्या मैफली लागतात. देशातील निरनिराळ्या केंद्रांनी निमंत्रित श्रोत्यांसमोर भरवलेल्या या मैफली आधी ध्वनिमुद्रित होतात आणि नंतर ओळीने कित्येक रात्री देशभर एकाच वेळी ऐकवल्या जातात. त्यात हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही पद्धतींना जागा असते. ही प्रथा १९५४ सालची आहे. तिच्या दोन वर्षे आधी, १९५२ मध्ये, शनिवारी रात्रीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम सुरू झाला होता. दोहोंच्या मागे तेव्हाचे माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांचा आग्रह होता. संस्थानिकांचा आश्रय संपल्यावर रागसंगीताला कोणी तरी आश्रय द्यायला हवा आणि तो सरकारी नभोवाणीनेच द्यावा, अशी त्यांची धारणा होती.

त्या धारणेचे श्रेय कमी करण्याचा हेतू येथे नाही. मला विचारायचे आहे ते वेगळे. सार्वजनिक प्रसारणसंस्था एखादा महिना कलेसाठी राखून ठेवते तेव्हा त्या महिन्याचे मूल्य कशावर ठरवावे? किती मोठे कलाकार ऐकवले यावर, की तो महिना झाला नसता तर जगात आलीच नसती अशी कोणती गोष्ट त्यातून निर्माण झाली यावर?

हा प्रश्न पडण्याचे कारण १९५५ चा एप्रिल आहे. पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झालेले, म्हणजे जेमतेम दीड वर्षाचे होते. सीताकांत लाड तेथे कार्यक्रमांची आखणी करत होते. १ एप्रिल १९५५ रोजी रामनवमी होती आणि वार शुक्रवार होता. त्या सकाळी ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या गीतरामायणातले पहिले गीत प्रसारित झाले. पुढे दर शुक्रवारी नवे गीत आणि शनिवार-रविवारी त्याचेच पुनःप्रसारण, असा क्रम पुढच्या रामनवमीपर्यंत, १९ एप्रिल १९५६ पर्यंत, चालला. मूळ आखणी बावन्न आठवड्यांची होती. त्या वर्षी अधिक महिना आल्यामुळे एका रामनवमीपासून दुसरीपर्यंतचे अंतर वाढले आणि गीते ५६ झाली. पंचांगातला एक महिना प्रसारणाच्या वेळापत्रकात शिरला आणि कवी व संगीतकार यांना आणखी चार गीते द्यावी लागली, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी हवा रिकामी होती आणि ती भरणे भाग होते. त्या सक्तीतून जे आले ते आजही गावोगाव गायले जाते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. संमेलनाचा महिना उत्तम आहे, पण तो मुख्यतः तयार कलेचे वितरण आहे. एप्रिल १९५५ मध्ये प्रसारणसंस्थेने कलेची मागणी नोंदवली. आजच्या सार्वजनिक प्रसारणात वितरण वाढले आहे आणि मागणी नोंदवणे जवळजवळ थांबले आहे, असे माझे मत आहे. सभासदांनी, विशेषतः ज्यांना आतली कार्यपद्धती ठाऊक आहे त्यांनी, यावर लिहावे.

मध्यलय

धागा चांगला आहे, पण "तयार कलेचे वितरण" ही शब्दयोजना मला अन्यायकारक वाटते. बंदिश जुनी असली तरी रागाची प्रत्येक मांडणी नवी असते. एखाद्या गायिकेला तासभराचा अवकाश मिळतो, मध्ये जाहिरात नसते, प्रायोजकाचे भाषण नसते आणि समोर जाणकार श्रोते असतात. त्या रात्री ती जे गाते ते त्याआधी अस्तित्वात नव्हतेच. रागसंगीतात "मागणी नोंदवणे" म्हणजे गाणाऱ्याला वेळ देणे. तो वेळ संमेलन देते.

दुसरे असे की संमेलनापर्यंत कलाकार पोचतो ती वाटही या संस्थेनेच बांधलेली आहे. स्वरचाचणी घेऊन बी, बी हाय, ए आणि टॉप अशा श्रेणी देण्याची पद्धत केसकरांच्याच काळात रुळली. नाव न सांगता केवळ आवाज ऐकून निर्णय घेण्याच्या या पद्धतीमुळे ज्यांच्या मागे ना घराणे होते ना ओळख, अशा कितीतरी जणांना दार उघडले. जिल्ह्याच्या ठिकाणच्या गायकाच्या पत्रिकेवर "आकाशवाणी मान्यताप्राप्त" हे शब्द आजही छापले जातात, ते उगाच नव्हे.

गीतरामायण हा अपवाद आहे. गदिमा आणि बाबूजी एकाच गावात, एकाच वयाला आणि एकाच उमेदीत असणे हा योग कोणत्याही नियोजनात बसवता येत नाही.

खर्ज

मांडणी दर वेळी नवी असते हे मान्य आहे. योगाच्या बाबतीत मात्र मी सहमत नाही. तो योग पुण्यात होताच. प्रश्न असा की त्या दोघांना वर्षभर दर शुक्रवारी बांधून ठेवणारे दुसरे कोण होते? चित्रपट कंपन्यांकडे पैसा होता, पण छप्पन आठवड्यांची चिकाटी नव्हती. शिवाय हा एकमेव दाखला नाही. "भावसरगम" या कार्यक्रमासाठी मुंबई केंद्राने नवी भावगीते करून घेतली आणि त्यांपैकी कित्येक आज मराठी माणसाला पाठ आहेत.

जुना_स्पूल

एका प्रादेशिक केंद्रात नोकरीचा बराच काळ गेल्यामुळे आतली बाजू थोडी विस्ताराने सांगतो.

श्रोत्याला कार्यक्रम दिसतो आणि केंद्रात बसणाऱ्याला तक्ता दिसतो. कोणत्या वारी, किती वाजून किती मिनिटांनी, कोणत्या प्रकारचा कार्यक्रम, हे फिक्स्ड पॉइंट चार्टमध्ये पक्के असते. तिमाही बैठकीत त्या चौकटी भरल्या जातात: एवढी भाषणे, एवढ्या श्रुतिका, एवढे सुगम संगीत. मग कलाकाराला कराराचे पत्र जाते, तारीख ठरते, ध्वनिमुद्रण होते, संपादन होते आणि क्यू शीटवर, म्हणजे प्रसारणाच्या क्रमाच्या कागदावर, नोंद होऊन ते प्रसारणासाठी लागते. ड्यूटी रूममध्ये बसलेला अधिकारी प्रत्येक सेकंदाचा हिशेब लिहितो. वक्ता चौदा मिनिटांऐवजी साडेबारा मिनिटांत आटोपला, तर उरलेली दीड मिनिटे वाद्यसंगीताच्या फिलरने भरावी लागतात. बाहेरून हे कारकुनी वाटते, पण गीतरामायणाची शुक्रवारची वेळ पाळली गेली ती याच कारकुनीमुळे.

खर्ज यांचा मुद्दा मला पटतो, पण त्याचे कारण मी वेगळे देईन. तेव्हा नवे घडले कारण घडवणारी माणसे पगारावर होती. वादक स्टाफ आर्टिस्ट म्हणून केंद्रातच असत. सारंगिये, तबलजी, व्हायोलिनवादक यांना सकाळी हाक मारली की दुपारी चाल बसवता येत असे. लेखकही आतच होते. पु. ल. देशपांडे, व्यंकटेश माडगूळकर, मंगेश पाडगावकर, बा. भ. बोरकर, यशवंत देव यांनी निरनिराळ्या काळात आकाशवाणीत नोकऱ्या केल्या. व्यंकटेश माडगूळकर ग्रामीण कार्यक्रम पाहत होते, म्हणजे शेतकऱ्यांसाठीचे संवाद लिहिणारा माणूस मराठीतला अव्वल कथाकार होता. मुंबई केंद्रावरच्या "प्रपंच" या कौटुंबिक श्रुतिकामालिकेतले टेकाडे भावजी म्हणजे बाळ कुडतरकर, मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू आणि पंत म्हणजे प्रभाकर जोशी हे तिघे घराघरांतले नातेवाईक होऊन बसले, कारण ते रोजच्या रोज एकाच वास्तूत काम करत होते.

पदे रिकामी होत गेली, हंगामी उद्घोषक आणि कंत्राटी माणसे आली, आणि ती मनापासून काम करतात हेही मी पाहिले आहे. पण ज्याला पुढच्या महिन्याची खात्री नाही त्याला वर्षभराची मालिका कोण सोपवणार? तुम्ही महिन्याच्या मजकुराबद्दल बोलत आहात. मला त्यामागच्या नोकऱ्यांबद्दल बोलायचे आहे.

वारणाकाठ

वरील सर्व प्रतिसादांत एक गृहीतक आहे, की संस्थेने जे निवडले ते उत्तमच होते. निवडीची दुसरी बाजूही पाहावी. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. पेटीतून मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणे) निघत नाही, तिचे स्वर ठोकळेबाज आहेत, ते वाद्य परके आहे, अशी कारणे दिली गेली. ही बंदी शिथिल व्हायला १९७० च्या दशकाचा आरंभ उजाडावा लागला. म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राच्या नाट्यसंगीताला, कीर्तनाला आणि भजनाला त्यांच्या स्वाभाविक साथीविना नभोवाणीवर यावे लागले. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या पेटीवादकाचा वारसा सांगणाऱ्या प्रांतावर हा निर्णय किती जड गेला असेल, याची कल्पना करता येते.

चित्रपटगीतांचेही तेच झाले. १९५२ नंतर ती जवळजवळ हद्दपार झाली, श्रोते ती गाणी ऐकवणाऱ्या रेडिओ सिलोनकडे वळले आणि अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. म्हणून "संस्थेने कला घडवावी" असे कोणी म्हटले की मला धास्ती वाटते. घडवण्याच्या अधिकाराबरोबर वगळण्याचा अधिकारही येतो. संमेलनाच्या महिन्यात शाहिराला, गोंधळ्याला, सोंगी भजनाला किती रात्री मिळतात, हा माझा प्रश्न आहे.

खर्ज

वारणाकाठ, पेटीचा दाखला योग्य जागी आला. त्यात एक विसंगती अशी की पेटीवर असामान्य हुकमत असलेले पु. ल. पेटीला मज्जाव असलेल्या याच संस्थेत नोकरीला होते. तरीही मी म्हणेन की ती बंदी ही वितरणाच्या मनोवृत्तीतूनच आली. जे शुद्ध ते पोचवायचे, जे अशुद्ध ते अडवायचे, ही भूमिका नाक्यावर बसलेल्या जकातदाराची होती. पुणे केंद्राने १९५५ मध्ये शुद्धतेची चौकशी केली नाही. अभिजात रागांच्या आधाराने सुगम चाली, त्यात वसंतराव देशपांडे, माणिक वर्मा, सुरेश हळदणकर, राम फाटक, ललिता फडके अशा निरनिराळ्या घडणीच्या आवाजांचे गाणे, आणि ऐकणारा वर्ग वाड्यापासून चाळीपर्यंत. शास्त्रीय आणि सुगम यांच्यामधली भिंत दिल्लीत उंच होत होती तेव्हा पुण्यात तिला दार पडले.

लोककलांबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत आहे.

लेस्टरकर

येथे ब्रिटनमध्ये राहत असल्याने तुलनेसाठी एक माहिती देतो. बीबीसी प्रॉम्स हा संगीतोत्सव १८९५ मध्ये खासगी उपक्रम म्हणून सुरू झाला आणि १९२७ मध्ये बीबीसीने तो आपल्याकडे घेतला. योगायोगाने मुंबईचे नभोवाणी केंद्रही त्याच वर्षी, २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले होते. दर उन्हाळ्यात सुमारे आठ आठवडे, मुख्यतः लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, रोजच्या रोज मैफली होतात आणि त्या रेडिओ ३ वरून थेट प्रसारित होतात. उभे राहून ऐकणाऱ्यांसाठी स्वस्त तिकिटे असतात, त्यामुळे सभागृहातला श्रोता निमंत्रित नसतो. तो रांगेतून आलेला असतो.

या धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग असा की बीबीसी दरवर्षी प्रॉम्ससाठी नव्या रचना मानधन देऊन लिहून घेते. बेथोव्हेन ऐकायला आलेल्या माणसाला त्याच संध्याकाळी एखाद्या हयात संगीतकाराची कृती प्रथमच ऐकावी लागते. अनेकांना ती आवडत नाही, दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत टीका येते आणि पुढच्या वर्षी पुन्हा नव्या रचना मागवल्या जातात. मध्यलय यांना जो योग वाटतो त्याची येथे दरवर्षी तजवीज केली जाते. बहुतेक रचना विसरल्या जातात, हेही खरे. त्याला इलाज नाही.

भारतात रात्री दहा म्हणजे हिवाळ्यात येथे दुपारचे साडेचार. आता आकाशवाणीच्या वाहिन्या मोबाइलवर ऐकता येतात, परंतु ती वेळ कार्यालयातली असल्याने नंतर ऐकण्याची सोय हीच आमच्यासाठी खरी सोय आहे.

साळुंकी

चर्चा नभोवाणीपुरतीच राहिली आहे, म्हणून दूरचित्रवाणीबद्दल थोडे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. "प्रतिभा आणि प्रतिमा"मधून लेखक-कलावंत बोलताना दिसू लागले, "गजरा"ने रंगभूमीवरच्या नटांना छोट्या प्रहसनांत आणले, "चिमणराव"मुळे दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे घराघरांत पोचले. ही सर्व नवी निर्मिती होती आणि साधने तुटपुंजी होती.

मला मात्र "साप्ताहिकी" आठवते. पुढच्या आठवड्यात काय पाहायला मिळणार हे सांगणारा कार्यक्रम, आणि तोही लोक आवर्जून पाहत असत, कागद-पेन्सिल घेऊन. आज कला-संस्कृतीसाठी डीडी भारती ही स्वतंत्र वाहिनी २००२ पासून आहे, रागम ही अभिजात संगीताची चोवीस तासांची वाहिनी २०१६ पासून आहे, आकाशवाणी व दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचे वेव्हज हे ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील चित्रपट महोत्सवात सुरू झाले. जागा पूर्वीच्या कितीतरी पट वाढली आहे. तरीही महिनाभर आधी एका पानावर, मराठीत, कोणत्या रात्री कोण गाणार आहे एवढे वाचायला मिळावे, ही साधी अपेक्षा उरतेच. वाट पाहणे हाही ऐकण्याचा भाग आहे, आणि वाट पाहायला तारीख लागते.

मांडवी

गोव्याचा अनुभव थोडा निराळा आहे. पोर्तुगीज काळात येथे "एमिसोरा द गोवा" ही नभोवाणी होती. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर आकाशवाणीचे पणजी केंद्र आले आणि कोकणी व मराठी या दोन्ही भाषांतून कार्यक्रम होऊ लागले.

जुना_स्पूल यांच्या नोकरीच्या मुद्द्याला माझ्याकडून एक पुरवणी. पं. जितेंद्र अभिषेकी उमेदवारीच्या काळात आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर कोकणी विभागात काम करत होते. तेथे त्यांना चाली बांधाव्या लागल्या. पुढे १९६४ मध्ये "मत्स्यगंधा" आणि १९६६ मध्ये "ययाति आणि देवयानी" या नाटकांच्या संगीताने नाट्यपदाला जे वळण मिळाले, त्याची पूर्वतयारी त्या नोकरीत किती झाली असेल हे मोजता येणार नाही, पण झाली असणार यात मला शंका नाही. म्हणून एखाद्या महिन्याची फलश्रुती त्याच महिन्यात शोधू नये.

मध्यलय

अभिषेकीबुवांचा दाखला मी माझ्याही बाजूने वापरू शकतो! घडवण्याचा हेतू नसतानाही संस्था घडवत असते.

लेस्टरकर यांच्या प्रतिसादानंतर माझी भूमिका थोडी सैल करतो. संमेलनात काही रात्री नव्या बंदिशींसाठी, नव्या तालरचनांसाठी राखून ठेवायला हरकत नाही. अट एकच, की त्यासाठी रागगायनाची तासाभराची रात्र कापली जाऊ नये. अर्ध्या तासात विलंबित ख्याल उरकायला लावणे ही नवनिर्मिती नव्हे.

खर्ज

ती अट मान्य. चर्चा येथवर आली आहे तर मला कसा महिना हवा आहे ते स्पष्ट लिहितो.

निमित्त शोधायची गरज नाही. १२ नोव्हेंबर १९४७ रोजी महात्मा गांधी दिल्लीच्या प्रसारण भवनात गेले आणि कुरुक्षेत्रच्या छावणीतील निर्वासितांशी नभोवाणीवरून बोलले. त्याची आठवण म्हणून हा दिवस सार्वजनिक प्रसारण दिन मानला जातो, आणि तो संमेलनाच्या हंगामातच येतो. त्या महिन्यात महाराष्ट्रातल्या प्रत्येक केंद्राने एकच नवे काम करून घ्यावे. पुण्याने गीतमालिका, नागपूरने पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीच्या नटांकडून नभोनाट्य, सांगलीने नाट्यपदे, रत्नागिरीने दशावतारी मंडळींबरोबर श्रुतिका. लेखक, संगीतकार आणि वादक यांना सहा महिने आधी करार द्यावा. वेळ रोजची आणि ठरलेली असावी. मुख्य म्हणजे प्रत्येक कृती लगेच दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा लागावी. गीतरामायणाचे शब्द लोकांच्या तोंडी बसले त्यात पुनःप्रसारणाचा वाटा मोठा होता. नवे गाणे एकदाच ऐकवून विसरणे म्हणजे ते न केल्यासारखेच आहे.

वारणाकाठ

झाडीपट्टी आणि दशावतार यादीत आले, आभारी आहे. फक्त त्यांच्या नाटकाची लांबी रात्रभराची असते. फिक्स्ड पॉइंट चार्टमध्ये ती कोठे बसवणार?

जुना_स्पूल

तीस मिनिटांच्या चौकटीत बसवू नये, हेच उत्तर. रात्रीची सभा संपल्यानंतरची हवा रिकामीच असते. पूर्वी यंत्रे बंद करण्याचा प्रश्न होता. आता ॲपवरची वाहिनी रात्रभर चालूच असते. एक रात्र दशावताराला देण्यात तांत्रिक अडचण मला दिसत नाही, मानधनाची आणि माणसांची दिसते.

एक भर घालतो आणि थांबतो. प्रसार भारतीच्या संग्रहातल्या मैफली आता यूट्यूबवर येत आहेत, ही फार चांगली गोष्ट आहे. जुने करार केवळ प्रसारणाचे होते, इंटरनेट तेव्हा कोणाच्या कल्पनेतही नव्हते, त्यामुळे हक्कांचा प्रश्न प्रत्येक ध्वनिफितीगणिक सोडवावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. नव्या महिन्यासाठी जे करार होतील त्यांत ही तरतूद पहिल्या दिवसापासून असावी. तसेच प्रत्येक फितीच्या नोंदीत राग, ताल, बंदिशीचे पहिले शब्द, ध्वनिमुद्रणाचे केंद्र व तारीख, आणि तबला, पेटी, सारंगी, तानपुरा यांची साथ कोणी केली त्यांची पूर्ण नावे असावीत. क्यू शीटवर ही माहिती लिहिलेली असते. ती फितीबरोबर पुढे जात नाही, म्हणून पन्नास वर्षांनी ऐकणारा "तबल्यावर कोण?" असे खाली विचारत राहतो आणि त्याला उत्तर देणारा कोणी उरलेला नसतो.

साळुंकी

तानपुऱ्यावर बसणाऱ्यांची नावेही हवीत असे लिहिलेत, याबद्दल विशेष अनुमोदन. अनेकदा ती शिष्यांची असतात आणि त्यांपैकीच कोणी पुढे संमेलनात गातो. खर्ज यांच्या यादीत छत्रपती संभाजीनगर, परभणी आणि जळगाव ही केंद्रे राहिली आहेत. मराठवाड्यातील भारुडासाठी आणि खानदेशातील वही या लोकगायनप्रकारासाठी जागा करावी, मग हा मसुदा एकत्र करून केंद्रांकडे पाठवता येईल.